चढ, जिना आणि चार्जर

नाशिकला सायकलचं अप्रूप नाही. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. दोन वर्षांनी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने मारली, आणि तेही तेव्हा नाशिकचेच. आषाढी जवळ आली की इथून शेकडो माणसं सायकलवर पंढरपूरला निघतात. पहाटे गंगापूर रोडला उभं राहिलं तर अंगाला चिकटलेले रंगीत टीशर्ट घालून सोमेश्वरकडे निघालेले थवे दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. त्यांच्याकडे बघून ‘आपल्यालाही जमलं असतं, पण गुडघे ऐकत नाहीत’ असं म्हणत चहाचा दुसरा कप मागवणाऱ्यांसाठी आहे.

अशा माणसाचं वय साधारण पंचेचाळिशीच्या पुढे. घरात एक स्कूटर आहे, पण ती बहुतेक वेळ मुलगा किंवा सून घेऊन जाते. भाजी आणायची, बँकेत जायचं, रविवारी धरणाच्या बाजूला चक्कर टाकायची, एवढीच गरज. तो दुकानात जाऊन विचारतो, “ई-बाईक घ्यावी म्हणतोय, कोणती घेऊ?” चार दुकानांत चार उत्तरं मिळतात, कारण चौघं वेगवेगळी वस्तू विकत असतात. एकजण पॅडलची सायकल विकतो, तिला मोटरची जोड असते. दुसरा स्कूटरसारखी दिसणारी पण ताशी पंचवीसच्या आत चालणारी गाडी विकतो. तिसऱ्याकडे नंबरप्लेटवाली खरी इलेक्ट्रिक स्कूटर असते. चौथ्याकडे तिन्ही असतात, आणि ज्यात त्याला जास्त सुटतं ती तो पुढे करतो.

कायद्याने या तिन्ही गाड्यांत रेघ ओढलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणजे आरटीओची नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा सक्तीचा नाही. स्कूटरसारख्या गाडीला बॅटरीखेरीज साठ किलो वजनाची अटही आहे. पॅडलच्या सायकलीला वेगळी अट: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन पंचविसावर ती पूर्ण थांबली पाहिजे, किंवा त्याआधीच पाय थांबले तर तिथेच. युरोपातही २५० वॅट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ७५० वॅटपर्यंत मोकळीक आहे. आपल्याकडे ही सूट आपोआप मिळत नाही, हे मात्र गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. त्या मॉडेलची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने करून तसं प्रमाणपत्र दिलेलं असावं लागतं. दुकानात त्याची प्रत मागावी. जो दुकानदार ती दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडची पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता नाशिकचा चढ. गावाबाहेरच्या माणसाला नाशिक सपाट वाटतं, कारण तो कॉलेज रोडवर कॉफी पिऊन परत जातो. जुनं नाशिक गोदावरीच्या काठच्या टेकड्यांवर बसलेलं आहे. रामकुंडाकडून सराफ बाजाराकडे किंवा तिवंध्याकडे साध्या सायकलवर चढून पाहावं, टेकडी पायांना लगेच कळते. शंभर किलो वजन (चालवणारा पंचाहत्तर, सायकल पंचवीस) पाच टक्के चढावर ताशी बारा किलोमीटरने न्यायचं, तर नुसत्या चढासाठी सुमारे १६० वॅट लागतात. रस्त्याचं घर्षण आणि थोडी हवा धरून दोनशेच्या आसपास. साधारण तब्येतीचा पन्नाशीचा माणूस ७५ ते १०० वॅट आरामात देतो. उरलेले शंभरेक मोटरने द्यायचे. म्हणजे अडीचशे वॅटची मोटर या गावाला पुरून उरते. ‘पाचशे वॅटची घ्या साहेब, आपल्याकडे चढ आहेत’ असं सांगणारा विक्रेता आपल्याला गरज नसलेली आणि कायद्याबाहेरची वस्तू विकत असतो.

वारा मात्र चढापेक्षा महाग पडतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, आणि नाशिककराची फिरायला जायची आवडती दिशा नेमकी तीच: गंगापूर धरण, सुला वायनरी, त्र्यंबक. जुलैत जाताना समोरून वारा आणि येताना पाठीवर. बॅटरी जाताना भराभर उतरते आणि माणूस अर्ध्या वाटेत घाबरून परत फिरतो. थोडं पुढे गेला असता तरी येताना काही अडलं नसतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा पडलेला असेल तेव्हा पंचविसाऐवजी अठराने चालवली तर हवा कापायला दर किलोमीटरला लागणारी वीज निम्म्यावर येते. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेली रेंज याच हळू वेगाची, सपाट रस्त्याची आणि सडपातळ माणसाची असते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. पाय चालवत गेलं तर किलोमीटरला बारा वॅट-अवरच्या आसपास खर्च, म्हणजे तीस किलोमीटर. नुसती रेस देऊन गेलं तर वीस. आकड्यांचा गुणाकार दुकानातच करावा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, भागिले बारा. छापील पत्रकापेक्षा हा हिशेब खरा निघतो.

पैशाचा हिशेब याहून गमतीचा आहे, आणि इथे मी विक्रेत्यांशी आणि पर्यावरणप्रेमींशी एकाच वेळी भांडणार आहे. ‘किलोमीटरला पंधरा पैसे’ हे वाक्य खरं आहे. दहा रुपये युनिट धरलं तर विजेचा खर्च तेवढाच येतो. एकदा पूर्ण चार्ज करायला चार रुपये. पण अधूनमधून चालवणाऱ्याचा खर्च विजेचा नसतोच. पस्तीस हजारांची सायकल घेतली आणि आठवड्याला वीस किलोमीटर चालवली, तर वर्षाला हजार, पाच वर्षांत पाच हजार किलोमीटर. वर्षाला दीड हजार सर्व्हिस आणि टायरट्यूबचे. पाच वर्षांनी सात-आठ हजारांना विकली गेली तरी किलोमीटरला सात रुपये पडले. पेट्रोल शंभराच्या वर असताना, लिटरला पंचेचाळीस देणारी घरातली जुनी स्कूटर सव्वादोन-अडीच रुपयांच्या पेट्रोलवर तेवढंच अंतर जाते. म्हणजे रविवारच्या चक्करसाठी इलेक्ट्रिक सायकल घेऊन पैसे वाचतात, हे निखालस खोटं आहे. रोज सोळा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस चालवली, मधे एकदा चौदा हजारांची नवी बॅटरी घातली, सर्व्हिसला वर्षाला तीन हजार धरले, तरी किलोमीटरला पावणेतीन रुपये येतात. घरात आधीच उभ्या असलेल्या स्कूटरच्या पेट्रोलशी तुलना केली तर तेव्हाही फायदा नाही.

मग वाचतं कुठे? दुसरी स्कूटर घ्यावी लागली नाही, तर. नवी पेट्रोल स्कूटर लाखाच्या आसपास. तिची घसरण, विमा, सर्व्हिस, पेट्रोल सगळं धरलं की त्याच अंतराला किलोमीटरचे पाच रुपये सहज ओलांडले जातात. सिडकोत, इंदिरानगरात, पाथर्डी फाट्याला किती घरांत तीन माणसं आणि तीन दुचाकी आहेत ते पार्किंगमध्ये डोकावलं की कळतं. त्यातली तिसरी गाडी दिवसातून सहा-सात किलोमीटर जाते. तिच्या जागी सायकल आली तर हिशेब जमतो. नाही तर ती हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे कबूल करून घ्यावी. माणूस गुडघ्यांसाठी, मोकळ्या हवेसाठी, घराबाहेर पडण्यासाठी पस्तीस हजार खर्च करत असेल तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? जिमची फी भरणारा कधी किलोमीटरचा भाव काढतो का?

व्यायाम होतो का, हा पुढचा प्रश्न, आणि तो बहुधा शेजारी विचारतात. “मोटरने जातोस, मग घाम कुठला?” युरोपातल्या सात शहरांमध्ये केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इलेक्ट्रिक सायकल चालवणाऱ्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास किंवा थोडी जास्तच भरली. प्रत्येक किलोमीटरला मेहनत कमी, पण ते जास्त लांब जात होते. जर्मनीत २०२३ साली साध्या सायकलींपेक्षा इलेक्ट्रिक सायकली जास्त विकल्या गेल्या, त्यामागे हेच कारण असावं: चढ आणि वारा यांची भीती गेली की माणूस सायकल बाहेर काढतो. साधी सायकल घेऊन ती बाल्कनीत कपडे वाळवायला वापरणारे आपल्या माहितीत किती आहेत, ते मोजायला नको. व्यायाम हवा असेल तर एवढंच पाहावं की पॅडल मारल्याशिवाय न चालणारी पद्धत ठेवायची, रेस अडल्यानडल्यालाच द्यायची.

ताशी पंचवीसच्या आत चालणाऱ्या, स्कूटरच्या रूपातल्या गाड्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. लायसन्स नको, नंबर नको, म्हणून त्या वयस्कर माणसाला आणि शाळकरी मुलांच्या आईबापांना विकल्या जातात. त्यातल्या स्वस्तातल्या अनेक गाड्यांत शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या असतात, त्या वर्ष-दीड वर्षात मान टाकतात. आणि पंचवीसची मर्यादा गिऱ्हाइकालाच जाचायला लागते. मुंबई नाक्यावर चारही बाजूंनी गाड्या अंगावर येत असताना स्कूटरवर बसून सायकलच्या वेगाने जाणं सुखाचं नाही. मग ‘एक वायर काढली की चाळीस जाते’ हा सल्ला मिळतो. ती वायर काढल्याक्षणी गाडी कायद्याने मोटार वाहन होते, आणि तीही बिननोंदणीची, बिनविम्याची. २०२२च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अपघात झाला तर समोरच्याची भरपाई स्वतःच्या खिशातून जाते, हे वायर काढणारा सांगत नाही. स्कूटरच हवी असेल तर सरळ एमएच-१५ची पाटी लागणारी घ्यावी.

पॅडल आणि मोटर यांचं लग्न महाराष्ट्राला परकं नाही. १९७२ साली अहमदनगरच्या कायनेटिकने लूना काढली तेव्हा तिला पॅडल होतं, आणि चढावर इंजिनाने दम टाकला की चालवणाऱ्याने पाय मारायचे हा मराठी मध्यमवर्गाचा नित्याचा अनुभव होता. आजच्या सायकलीत भूमिका उलट झाल्या: पाय मारतोच आहे, दम संपला की मोटर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षाला मोटरची जोड देण्याचे प्रयोग केले आणि २००२ साली त्यावर ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, तेव्हा ‘ई-रिक्षा’ हा शब्द रस्त्यावर आलेलाही नव्हता. त्याच कायनेटिक घराण्याने फेब्रुवारी २०२४मध्ये ई-लूना आणली. ती पन्नासच्या वेगाची आहे, नंबरप्लेट लागते, पॅडल गेलं. दुधाचे कॅन आणि भाजीच्या पाट्या नेणाऱ्याला ती उपयोगी. रविवारी फिरणाऱ्याला तिचं काय कौतुक?

बॅटरीच्या आगीबद्दल नाशिकला ऐकीव माहितीवर राहावं लागत नाही. ९ एप्रिल २०२२ रोजी इथल्याच जितेंद्र ईव्ही कंपनीच्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला पाथर्डी फाट्याजवळ आग लागली. आत चाळीस गाड्या होत्या, वीस जळाल्या. सुदैवाने माणसाला इजा झाली नाही. त्याच्या दोन आठवडे आधी पुण्यात लोहगावला रस्त्यालगत उभी असलेली एका मोठ्या कंपनीची स्कूटर पेटल्याची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली होती. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एआयएस-१५६ हे बॅटरीसंबंधीचं मानक कडक केलं. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. न्यूयॉर्कमध्ये याच काळात स्वस्त बॅटऱ्यांच्या आगींत माणसं मेली, आणि २०२३च्या सप्टेंबरपासून प्रमाणित नसलेली इलेक्ट्रिक सायकल विकायलाच तिथे बंदी आली. त्यातल्या बऱ्याच आगी जिन्यात आणि दाराजवळ लागल्या, कारण लोक गाडी तिथेच चार्जिंगला लावत. आपल्या सोसायट्यांत याहून वेगळं काही चालत नाही.

अधूनमधून चालवणाऱ्याची बॅटरी वापरापेक्षा पडून राहण्याने जास्त मरते. लिथियम बॅटरी किलोमीटरने झिजते, तशी वर्षांनीही झिजते. पूर्ण भरून ठेवली आणि उन्हात ठेवली तर ती भराभर म्हातारी होते. पूर्ण उतरवून महिनाभर विसरली तर आतल्या सर्किटचा बारीक खर्च तिला इतकी खाली नेतो की चार्जरचा दिवा हिरवाच राहतो, बॅटरी वीज घेत नाही, आणि दुकानदार ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणतो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून कितीतरी वर. म्हणून बॅटरी सुटी काढता येणारीच घ्यावी, ही या लेखातली सगळ्यात ठाम सूचना. चावीने काढायची, घरात आणायची, पलंगाशेजारी नाही, पडद्याजवळ नाही, फरशीवर ठेवायची. जागं असतानाच चार्ज करायची, कंपनीच्याच चार्जरने. पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर अर्धी भरून ठेवायची. निफाडची थंडी नाशिकला येते तेव्हा सकाळी बॅटरी थोडी कमी चालते. तो बिघाड नाही, ऊन चढलं की पूर्ववत.

पावसाबद्दल विक्रेते बिनधास्त बोलतात. ‘आयपी ६५’ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार झेलते. साठलेल्या पाण्यात बुडवण्याची हमी त्यात नाही. द्वारकेला किंवा सारडा सर्कलला पाणी तुंबलं की मागच्या चाकातली मोटर निम्मी पाण्यात जाते. पाणी साठलं असेल तर उतरून ढकलत फूटपाथवर घ्यावी. धुताना प्रेशरचा पाइप तर लावूच नये. सर्व्हिसिंग सेंटरवाल्याला आधी हात जोडून सांगावं, कारण त्याला सवय बुलेट धुवायची आहे.

आता जिना. इलेक्ट्रिक सायकलचं वजन वीस ते सव्वीस किलो. लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या घरात दुसऱ्या मजल्यावर ही सायकल रोज कोण चढवणार? पहिले आठ दिवस हौसेने चढते, मग खाली पार्किंगमध्ये राहते, मग तिच्यावर धूळ बसते. खाली ठेवायची तर प्लग खाली नाही, आणि असला तर तो सोसायटीच्या मीटरवर. चार रुपयांच्या विजेवरून सोसायटीच्या सभेत चार तास वाद घालण्याची क्षमता आपल्या लोकांत आहे. बॅटरी सुटी निघत असेल तर हा सगळा प्रश्न अडीच-तीन किलोच्या पिशवीत बसतो. म्हणून दुकानात रेंज विचारायच्या आधी सायकल एकदा उचलून पाहावी. मागून, मोटरच्या बाजूने. लाज वाटू देऊ नये.

चालवून पाहण्याबाबत. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर पन्नास मीटर गेलं की प्रत्येक सायकल आवडते. चढ असलेल्या गल्लीत न्यावी, आणि गर्दीत. कमी किमतीच्या बहुतेक सायकलींत पॅडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पाय किती जोर लावतोय हे त्याला कळत नाही. त्यामुळे सुरुवातीला अर्धी फेरी पाय एकटे, मग एकदम ढकलल्यासारखा झटका. पाय थांबवले तरी मोटर क्षणभर पुढे ओढते. रविवार कारंजाला भाजीच्या गाड्यांमधून जाताना हा क्षणभर फार मोठा वाटतो. पायाचा जोर मोजणारा सेन्सर महागड्या सायकलींत येतो, आणि साठीच्या माणसाने रेंजवर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा या सेन्सरवर घालावेत. ते परवडत नसतील तर गर्दीत मदत एकवर किंवा शून्यावर ठेवायची सवय लावावी. ब्रेक डिस्कचेच घ्यावेत. वजन आणि वेग दोन्ही जास्त आहेत.

दुकान कोणतं, हा प्रश्न मी ब्रँडच्या वर ठेवतो. हिरो लेक्ट्रो लुधियानाच्या हिरो सायकल्सची, ईमोटोरॅड आणि नेक्झू पुण्याच्या, स्ट्रायडर टाटांची, नाइंटी वन मुंबईची. पंचवीस ते साठ हजारांच्या पट्ट्यात यांच्या मोटरी आणि बॅटऱ्या एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत. उडदामाजी काळे गोरे निवडत बसण्यात अर्थ नाही. बिघडणार आहे ते डिस्प्ले, ब्रेक लिव्हरची वायर, सेन्सर, कंट्रोलर. हे भाग दुकानात मिळतात की पुण्याहून कुरिअरने पंधरा दिवसांनी येतात, हे विचारावं. ऑनलाइन घेतली तर चार-पाच हजार वाचतात, आणि पहिल्या बिघाडाला खोक्यासकट सायकल परत पाठवायची वेळ येते. बंद पडली तर ढकलत नेता येईल एवढ्या अंतरावरचं दुकान बरं. नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्यांचे गट मुबलक आहेत. त्यातल्या कोणाकडे तीन वर्षं जुनी इलेक्ट्रिक सायकल असेल तर त्याला दुकानदाराचं वागणं विचारावं, सायकलचं नाही.

नाक्यावरचा पंक्चरवाला मोटरचं चाक बघून हात वर करतो. त्याला सांगावं की चाक काढायचं नाहीये: टायर एका बाजूने उचलायचं, ट्यूब ओढून बाहेर काढायची, आणि तिथल्या तिथे पॅच मारायचा. मोटरच्या वायरला हात लावायची वेळच येत नाही. ट्यूब बदलायचीच असेल तर मात्र चाक काढावं लागतं. तेव्हा वायरचा जोड कुठे आहे आणि नट कोणत्या पान्याने निघतो हे घेतानाच दुकानात करून बघावं, मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवावं. आणखी एक बारकावा. ब्रेकचा लिव्हर मोडला तर साधा सायकल मेकॅनिक साधा लिव्हर बसवून देतो. मूळ लिव्हरमध्ये ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच असतो. तो गेला की ब्रेक आणि मोटर एकमेकांविरुद्ध काम करतात, आणि चालवणाऱ्याला आपण काय गमावलं ते उतारावरच कळतं.

रस्त्यांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला तेव्हा त्याला सायकलसाठी पट्टा ठेवला होता. त्यावर काय काय उभं असतं ते जाऊन पाहावं. कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६चं आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७चं जाहीर झालेलं, त्यामुळे रस्ते उकरायला आणि रुंद करायला एक सबळ कारणही मिळालं. बारीक टायरपेक्षा दोन इंचाच्या आसपासचं जाड टायर आणि पुढे शॉकअप घ्यावा, एवढंच यावर उत्तर. हेल्मेट सायकलला सक्तीचं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडे यांनी हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल नाही असा नियम नाशिकमध्ये आणला होता. ज्याला पंपावर जायचंच नाही त्याला तो कसा लागू करणार? डोकं आपलं असल्याने हेल्मेट आपणच घालावं.

चोरीचं पाहू. नंबर नसल्याने शोधणं कठीण, म्हणून बिल, फ्रेमचा नंबर आणि बॅटरीचा नंबर यांचे फोटो काढून ठेवावेत. बाजारात जाताना कुलूप चाक आणि फ्रेम दोन्हींतून लावावं, आणि बॅटरी काढून पिशवीत घ्यावी. बॅटरीविना सायकल विकत घ्यायला कोणी फारसं उत्सुक नसतं. जुनी घ्यायची झाली तर किंमत बॅटरी मेलेली आहे असं धरून ठरवावी. दाखवताना मालक नेहमी पूर्ण चार्ज करून ठेवतो, म्हणून डिस्प्लेवरच्या पाच रेघांवर विश्वास न ठेवता दहा किलोमीटर चालवून मग किती रेघा उरल्या ते पाहावं. आणि स्वतःची बॅटरी पाच-सहा वर्षांनी संपली की ती भंगारवाल्याच्या काट्यावर टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवी घेताना जुनी घेऊन जा, पोचपावती मागा, आणि जुनीच्या बदल्यात किती कमी करणार ते पैसे देण्याआधी विचारा.